न जमलेली नक्कल

दादा जपानहून आला तेव्हा त्याच्या बॅगेतून काय काय निघतं ते बघायला आमच्या मजल्यावरची झाडून सगळी माणसं दारात उभी होती. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही डोंबिवली पूर्वेला दोन खोल्यांत राहायचो आणि दादा ठाण्याच्या बाजूच्या एका कारखान्यात होता. त्या कारखान्याचं एका जपानी कंपनीशी कोलॅबरेशन झालं होतं, म्हणून नवी यंत्रं शिकायला काही जणांना तिकडे पाठवलं होतं. दादाने आईसाठी घडीची छत्री आणली, बाबांसाठी उन्हावर चालणारा कॅल्क्युलेटर आणला, माझ्यासाठी रेडिओ आणि टेप एकत्र असलेला टू-इन-वन आणला. आणि स्वतःसाठी आणली एक कॅसेट. छत्री मजल्यावरच्या सगळ्या घरांत फिरून आली. कॅल्क्युलेटर बाबांनी कपाटात कुलूपबंद केला. कॅसेट मात्र पुढचं वर्षभर आमच्या घरात माणसासारखी नांदली.

कव्हरवर सरळ केसांची, कपाळावर झालर कापलेली एक मुलगी होती. अंगात साधा फ्रॉक, वयाने माझ्याएवढीच. जपानात म्हणे तिचं तोंड बिस्किटांच्या डब्यांवर असायचं, आणि तिचं गाणं लागलं नाही असं एकही दुकान नसायचं. ही कॅसेट दादाला त्याच्या शेजारच्या यंत्रावरच्या सुपरवायझरने निरोपाच्या दिवशी दिली होती. त्या गृहस्थांचा उल्लेख दादा नावापुढे 'सान' लावून करायचा. सान म्हणजे आपल्याकडचं 'राव', असं त्याने समजावलं तरी आमच्या घरात त्यांचं 'सानसाहेब' झालं ते झालंच.

"सानसाहेब बोलले, दोन वर्षांत ही अमेरिकेत एक नंबर होणार," दादाने पहिल्याच जेवणाला जाहीर केलं.

बाबा ठाण्याच्या कोर्टात कारकून होते. वकिलांची भांडणं ऐकून ऐकून त्यांना एक सवय लागली होती. समोरचा पूर्ण बोलेपर्यंत ते थांबायचे आणि मग एकच प्रश्न विचारायचे.

"का होणार?"

"का म्हणजे? अहो बाबा, अमेरिकेत गाडी जपानची, टीव्ही जपानचा, घड्याळ जपानचं. मी स्वतः ऐकून आलेलो. मग गाणं का नाय चालणार?"

बाबांनी ताटातला भात कालवला. "टेपरेकॉर्डर जपानचा घेतात, बरोबर. पण घेऊन त्यात लावतात काय? स्वतःचंच गाणं ना?"

 उत्तर नसलं की दादा आवाज वाढवायचा. त्या रात्री पलीकडच्या खोलीतल्या वहिनींनी भिंतीवर थापटून विचारलं की काय झालं. आईने इकडून ओरडून सांगितलं, "काही नाही हो, जपान आणि अमेरिकेचं जमत नाहीये!" दुसऱ्या दिवशी जिन्यावर शेजारचे काका दादाला म्हणाले, "अरे, तुझी बाई आधी डोंबिवली वेस्टला चालते का बघ, मग अमेरिकेचं बोल."

मी या भांडणात पडत नसे. मला त्यातलं गाणं तेवढं हवं होतं. कारण तेव्हा मी गात होते.

गात होते म्हणजे कल्याणच्या एका ऑर्केस्ट्रात होते. ऑर्केस्ट्रा चालवणारे मास्तर कल्याणच्या खाडीकाठच्या कोळी घरातले. भाऊ अजून होडी घेऊन जायचे, हे मात्र लहानपणी बँजोच्या नादाला लागले ते जाळ्याकडे परत फिरलेच नाहीत. गणपती, नवरात्र, कॉलन्यांचे वार्षिक कार्यक्रम, आम्ही सगळीकडे असायचो. दिव्यापासून टिटवाळ्यापर्यंत माझा आवाज न ऐकलेलं मंडळ शोधावं लागलं असतं. पण 'माझा आवाज' हे मी आता म्हणते आहे. तेव्हा तसं कुणी म्हणत नव्हतं. तेव्हा म्हणायचे, "हुबेहूब!"

त्या काळच्या ऑर्केस्ट्रांची ती रीतच होती. गायक चांगला म्हणजे मूळ गायकासारखा. माझ्याकडे अशा तीन बायका होत्या. पातळ आवाजाची पहिली, खट्याळ दुसरी, आणि फक्त भावगीतांपुरती तिसरी. मी त्यांची गाणी नुसती पाठ करत नसे. कुठल्या शब्दाआधी श्वास घेतात, कुठे हसू दाबतात, कुठे घसा किंचित घासतो, सगळं उचलायचे. आणि मास्तरांची एक हातखंडा युक्ती होती. कार्यक्रमाच्या मध्यावर ते दिवे घालवायचे, पडदा ओढायचे आणि मी पडद्यामागून पहिलं कडवं म्हणायचे. लोकांना वाटायचं, रेकॉर्ड लावली. कुणी चिवडा खायला लागायचं, कुणी पोराला घेऊन बाहेर जायचं. मग एकदम पडदा सरकायचा, दिवे लागायचे आणि माइकसमोर मी! त्या क्षणाला जी टाळी पडायची ती मी आयुष्यात विसरणार नाही. 'पोरी,' मास्तर सांगायचे, 'पब्लिकला रेकाड पायजे. तू दिसलीस तरी ऐकायला रेकाडच आली पायजे.' मला त्याचा केवढा अभिमान होता! आरतीसुद्धा मी रेकॉर्डसारखी म्हणायचे.

त्या वर्षी गणपतीत डोंबिवलीतल्याच एका मंडळापुढे कार्यक्रम झाला. संपल्यावर एक वयस्कर गृहस्थ रंगपटात आले. ठाण्याचे संगीतकार, असं मास्तरांनी सांगितलं. नव्या कवितांना चाली लावून ते एक कॅसेट काढणार होते आणि तिच्यासाठी नवा आवाज शोधत हिंडत होते. मास्तरांनीच त्यांना बोलावलं होतं.

"फार छान," ते म्हणाले. "आता जरा तुझ्या आवाजात म्हण."

मला वाटलं, गंमत करताहेत. मी पहिलीचं एक गाणं म्हटलं.

"या झाल्या त्या बाई. तू म्हण."

मी दुसरीचं म्हटलं. ते नुसते हसले. मी तिसरीचं म्हणायला लागले तेव्हा त्यांनी हात वर केला. रागावले नव्हते. उलट इतके मऊ बोलले की मला जास्त लागलं.

"मुली, या तिघीही देवाच्या दयेने अजून गात आहेत. त्यांचाच आवाज हवा असेल तर मी त्यांच्याकडे जाईन ना? तुझा कुठला?"

 माझ्याकडे चौथं काही नव्हतं. विशीतली, शेकडो गाणी पाठ असलेली मुलगी, आणि तिला स्वतःचा आवाज माहीत नव्हता. रडू आलं ते मी पावडरच्या डब्याआड लपवलं. जाताना ते म्हणाले, "सापडला की ये ठाण्याला. दसऱ्यानंतर मी गाणारी ठरवणार आहे. दोन गाणी तुझ्यासाठी ठेवतो."

घरी सांगितलं तर दादा उसळला. "कोण मोठा लागून गेला? तुझ्यासारखा आवाज अख्ख्या सेंट्रल लाइनला नाय!"  आई म्हणाली, "अगं, साधं म्हण की. आपलं नेहमीचं." पण नेहमीचं म्हणजे कुठलं? घरात माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. लग्न झालं की पडदा, माइक, सगळं संपणार हे कुणी न सांगताही मला कळत होतं. एखाद्या कॅसेटवर आपला आवाज असावा, आपला म्हणून असावा, एवढं एकच त्या दिवसांत मला हवं होतं. आणि ते मिळायला आड कोण येत होतं, तर मीच. दुपारी घरात कुणी नसताना मी गायला बसायचे. तोंड उघडलं की तिघींपैकी एक जण बाहेर यायची. आवाज जाड करून बघितला, तर चौथ्याच एका गायिकेसारखा लागला. चिडून मी सुरासाठी चालू ठेवलेल्या तंबोऱ्याच्या पेटीला लाथ मारली आणि मग तिच्या पाया पडले.

जपानी कॅसेट तर गणपतीच्या कितीतरी आधीच, पावसाच्या सुरुवातीला गेली होती. संध्याकाळी गाणं चालू असताना लाइट गेली, आणि दादाने धीर न धरता कॅसेट ओढून काढली. टेप आत अडकलेली. हातभर टेप चुरगळून बाहेर आली. स्क्रू काढून, चिकटपट्टी लावून बघितली, पण माझं आवडतं गाणं नेमकं त्याच भागात होतं. दादा वीज मंडळाला आठवडाभर शिव्या घालत होता. मला त्या गाण्याचा अर्थ ठाऊक नव्हता. दादाला विचारलं की तो दर वेळी वेगळा सांगायचा. एकदा ती मुलगी बर्फात उभी असायची, एकदा बंदरावर, आणि एकदा तर तिची सायकल चोरीला गेली होती. बाबा म्हणायचे, "तुला कळलेलं नाही एवढं म्हण की सरळ." पण चाल माझ्या तोंडात बसली होती. कॅसेट गेल्यावर मी ती भांडी विसळताना, तांदूळ निवडताना गुणगुणायचे. त्याची कधी तालीम केली नाही. कुठल्याही मंडळात कुणी त्याची फर्माईश करणार नव्हतं.

नवरात्रात सानसाहेब आले. दादाच्या कारखान्यात नवं यंत्र बसवायला त्यांना पाठवलं होतं आणि दादाने त्यांना रविवारी घरी जेवायला बोलावलं. आईने पुरणपोळी केली. परदेशी पाहुणा खाली कसा बसेल म्हणून शेजारून टेबल-खुर्ची आणली होती, तर ते आले, बूट काढले आणि दादापेक्षा सहज मांडी घालून पाटावर बसले. आईने पोळीवर तूप सोडलं, आणखी सोडलं, आणखी सोडलं. त्यांना नको म्हणता येईना आणि आईला ते नको म्हणत नाहीत म्हणून थांबता येईना. अखेर बाबांनी तुपाचं भांडं उचलून आपल्या मागे ठेवलं.

जेवणं झाल्यावर सानसाहेबांनी पिशवीतून एक नवी कॅसेट काढली आणि दोन्ही हातांनी दादाला दिली. तीच गायिका. आता केस कुरळे, खांद्यावर चामड्याचं जॅकेट, एक डोळा बारीक केलेला. ही कॅसेट तिने इंग्रजीतून केली होती, खास अमेरिकेसाठी.

"ही तीच का?" बाबांनी विचारलं.

"तीच!" दादा म्हणाला. "आता बघा."

आम्ही सगळे टू-इन-वनभोवती बसलो. सानसाहेब तर हात गुडघ्यांवर ठेवून असे ताठ बसले होते, जशी त्यांच्याच मुलीची परीक्षा चालली आहे. गाणं सुरू झालं. ठोका जोरदार होता, वाद्यं झगझगीत होती. दादाने मान डोलवायला सुरुवात केली. मी मात्र पहिल्याच ओळीला चमकले.

मला इंग्रजी फारसं कळत नव्हतं, पण हे मला कळत होतं. तिकडे जपानीत गाताना ती ओळीच्या शेवटी आवाज सोडून द्यायची, हातातलं भरलेलं भांडं अलगद खाली ठेवावं तसा. इथे प्रत्येक ओळीचा शेवट तिने घट्ट धरला होता आणि हलवला होता. श्वास तिचा नव्हता. कुठल्यातरी अमेरिकन बाईचा होता, आणि तो तिने किती मेहनतीने उचलला होता ते माझ्याइतकं त्या खोलीत कुणाला कळणार? ती पडद्यामागे उभी होती. फक्त तिचा पडदा कुणी सरकवणार नव्हतं, कारण समोरच्यांच्या घरी खरी रेकॉर्ड होतीच. मला तिची इतकी दया आली, आणि तिच्या निमित्ताने माझी स्वतःचीही आली.

"गुड?" सानसाहेबांनी विचारलं.

"व्हेरी गुड!" दादा म्हणाला. बाबा "छान, छान" म्हणाले. आईने पाहुण्यांना विडा पुढे केला. सानसाहेबांनी मग खुशीत पहिली कॅसेट मागितली, दोन्ही एकामागून एक ऐकू म्हणून. दादाचा चेहरा उतरला. भेट दिलेली वस्तू आपल्या हाताने मोडली हे पाहुण्याला कसं सांगायचं? मग त्याने तेच केलं जे तो नेहमी करायचा. मला पुढे ढकललं.

"माय सिस्टर सिंग," तो म्हणाला. "सेम टू सेम!"

मी त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा असता तर भस्म झाला असता. पण पाहुण्यासमोर काय बोलणार? मी पदर सारखा केला आणि म्हणायला लागले. मूळ गाणं ऐकून महिने झाले होते. श्वास कुठे होता ते आठवत नव्हतं. शब्द बरेचसे आठवत होते, काही मी मधल्या काळात भांडी विसळता विसळता गोल करून टाकले होते. एका ठिकाणी ती वर जायची की खाली, ते आठवेना. मी खाली आले. खाली बरं वाटलं, म्हणून तिथेच थोडी थांबले.

गाणं संपलं.  मी घाईघाईने म्हटलं, "सॉरी. कॅसेट खराब. नॉट रिमेंबर." आणि त्यांच्या पद्धतीने कमरेत वाकले. ते गडबडले, "नो सॉरी, नो सॉरी" म्हणत तेही वाकले. ते वाकले म्हणून मी परत वाकले. आई घाबरून म्हणाली, "अगं, झालं काय दोघांना?"

मग ते दादाशी हळूहळू, शब्द जुळवत बोलले. एकेक शब्द बोटावर ठेवल्यासारखा. दादाने डोकं खाजवलं.

"ते बोलतायत, गाणं सेम आहे. पण बाई दुसरी आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऑर्केस्ट्रातल्या गायिकेला यापेक्षा वाईट शेरा असू शकत नाही. मी परत सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तोच बाबा बोलले. ते इतका वेळ भिंतीला टेकून सुपारी कातरत होते.

"अगं वेडे, मग त्या ठाण्याच्या संगीतकारांनी तुझ्याकडे दुसरं काय मागितलं होतं?"

 आईने माझ्या पाठीवर हात ठेवला. सानसाहेबांना यातलं काही कळलं नव्हतं, ते आपले पुन्हा म्हणत होते, "नो सॉरी."

दसरा झाल्यावर दादाने मला स्कूटरवरून ठाण्याला नेलं. शीळफाट्याला ट्रकांच्या रांगेत अडकलो, तोंडात धूळ गेली, आणि मी रडायच्या बेतात होते की आता घशाचं काय. दादाने एका टपरीवर मला कोमट पाणी पाजलं आणि टपरीवाल्याला बजावलं, "नीट बघून ठेव, ही पुढे मोठी होणार आहे." तो हे सगळ्यांनाच सांगायचा.

संगीतकारांचं घर तळ्याच्या बाजूला होतं. त्यांनी मला बसवलं आणि म्हणाले, "सापडला?"

मी जपानी गाणं म्हटलं. मराठी नाही, हिंदी नाही, दुसरं काही माझ्याकडे नव्हतंच. ते पेटीवर हात ठेवून ऐकत राहिले.

"ही कुणाची नक्कल?"

"एका जपानी मुलीची. पण जमली नाही."

ते इतके हसले की आतून त्यांची बायको बाहेर आली. "नाही जमली ते बरं झालं," म्हणाले. मग त्यांनी मला पहिल्या गाण्याचे शब्द वाचून दाखवले आणि चाल फक्त पेटीवर वाजवली. स्वतः गाऊन दाखवेनात. मी म्हटलं, "एकदा म्हणून दाखवा ना." तर म्हणाले, "मुळीच नाही. तू माझ्यासारखी गाशील." त्या सबंध महिन्यात त्यांनी माझ्यासमोर एक ओळ गुणगुणली नाही. मी चुकायचे, अडायचे, चिडायचे. ते पेटीवर तोच सूर पुन्हा धरायचे आणि थांबायचे. मला गाणं शिकवणारे पुष्कळ भेटले, पण न गाता शिकवणारे ते एकटेच.

कॅसेट निघाली. तिच्यात माझी दोन गाणी होती. फार काही खपली नाही. स्टेशनजवळच्या दुकानात ती काही दिवस काचेत होती, मग मागच्या फळीवर गेली. बाबांनी एक कोर्टात नेली आणि कामाच्या वेळात लावून वरिष्ठांची बोलणी खाल्ली, असं मला बऱ्याच वर्षांनी त्यांच्या एका सहकाऱ्याने सांगितलं. घरी येऊन ते एवढंच म्हणाले होते, "ऐकली. तूच वाटतेस."

पण त्या आवाजाची किंमतही मोजावी लागली. पुढच्या गणपतीत कल्याणला पडदा ओढला गेला, दिवे गेले आणि मी पहिलीचं गाणं सुरू केलं. श्वास घ्यायच्या जागा सगळ्या ठाऊक होत्या. पण ओळीच्या शेवटी माझा आवाज आपण होऊन खाली उतरला आणि तिथे थांबला. मी ओढून वर नेला तर फाटला. काळोखातून कुणीतरी ओरडलं, "रेकॉर्ड लावा ना राव!" लोक हसले. पडदा सरकला तेव्हा टाळी पडली नाही. मी आत आले तर मास्तर खुर्चीवर बसलेले.

"पोरी, तू आता तुज्यासारखी गातंस," ते म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "गोड गातंस. पन माजा धंदा कसा चालंल?"

दिवाळीपर्यंत अंबरनाथची एक मुलगी माझ्या जागी आली. हुबेहूब होती. मी महिनाभर स्टेशनवरून ऑर्केस्ट्राची पोस्टर चुकवत चालायचे. वाईट वाटायचं, खोटं का बोलू? दोन गाण्यांपायी शेकडो गाणी गेली होती. पुढे लग्न झालं, ठाण्याला आले, घरी मुलांना गाणं शिकवू लागले. मीही त्यांना गाऊन दाखवत नाही. पालक कुरकुरतात.

नव्वदचं दशक अर्धं उलटलं तेव्हा सानसाहेब शेवटचे आले. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. दादाने या खेपेला त्यांना माझ्याकडे आणलं, आई-बाबाही आले. दादाच्या डोक्यावरचे केस गेले होते, पण प्रश्न तोच होता. बसल्या बसल्या त्याने विचारलं, "अमेरिकेत काय झालं तिचं?"

सानसाहेबांनी हात आडवा हलवला. चाललं नव्हतं. थोडे दिवस कुठे कुठे वाजली, मग कुणी विचारलं नाही. ती परत आली होती. आता छोट्या छोट्या सभागृहांत गायची, जपानीतूनच, आणि सानसाहेब दर वर्षी तिकीट काढून जायचे.

"मार्केटिंग कमी पडलं," दादा म्हणाला. इतकी वर्षं जपून ठेवलेली आशा सोडायला त्याला कारण हवं होतं.

मला वाटलं, बाबा आता टेपरेकॉर्डरचा मुद्दा काढतील. त्यांनी नाही काढला. त्यांना दादाचा चेहरा दिसत होता. ते म्हणाले, "पाहुणा पाहुण्यासारखा आला तर लोक पाट मांडतात रे. घरच्यासारखाच दिसायला लागला तर त्याला कोण विचारणार? घरचे आधीच पुष्कळ असतात." मग जरा थांबून म्हणाले, "तिने आपल्या कपड्यांत जायला हवं होतं. उशिरा का होईना, चाललं असतं. एखादी जाईल पुढे तशी." दादाने ते सानसाहेबांना इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. पाट आणि पाहुणा यांत तो इतका अडकला की शेवटी त्यांना वाटलं, आपल्याला जेवायला बोलावताहेत. ते लगबगीने उठून उभे राहिले.

जेवणानंतर मी माझी कॅसेट लावली. कुणी लाव म्हटलं नव्हतं, आणि कुणाची ते मीही सांगितलं नाही. मलाच वाटलं, ज्यांच्यामुळे ती झाली त्यांनी एकदा ऐकावी. सानसाहेब हात गुडघ्यांवर ठेवून बसले. त्यांना एक शब्द कळत नव्हता. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. आई ताटं आवरायची थांबली होती. माझी गाणी त्या बाजूला शेवटची होती; टेप संपून खट्ट झालं तेव्हा ते दादाकडे वळले आणि त्यांनी विचारलं, तुमच्याकडे ही फेमस आहे का?

दादाने छाती भरून श्वास घेतला. तो आता काय सांगणार ते मला माहीत होतं. अख्खा महाराष्ट्र, रेडिओ, टीव्ही, सगळं येणार होतं. मी त्याच्या हातावर हात ठेवला.

"नाही म्हणून सांग," मी म्हटलं. "फेमस नाही. पण ही मीच आहे."